खरेदीखताचें स्वातंत्र्य आणि तापीकाठची जमीन

इंग्रजी अमदानीबरोबर कायद्याचीं जीं तत्त्वें आपल्या देशांत आलीं, त्यांत करार-स्वातंत्र्याइतकें देखणें तत्त्व दुसरें क्वचितच सांपडेल. दोन सज्ञान माणसें आहेत, कोणावर जबरदस्ती नाहीं, फसवणूक नाहीं, मोबदला ठरला आहे. मग तो सौदा पाळला गेला पाहिजे, आणि तो पाळला जातो कीं नाहीं एवढेंच सरकारनें पाहावें, अशी त्याची साधी मांडणी. सर हेन्री मेन हे १८६२ ते १८६९ पर्यंत कलकत्त्यास कायदेमंत्री होते. येथें येण्यापूर्वींच, १८६१ सालीं, त्यांनीं आपल्या ग्रंथांत असें प्रतिपादन केलें होतें कीं, सुधारत्या समाजांत माणसाचें स्थान त्याच्या कुळावरून ठरेनासें होतें आणि त्यानें स्वखुषीनें केलेल्या करारांवरून ठरूं लागतें. आम्हां इंग्रजी शिकलेल्या मंडळींस हा सिद्धांत फार प्रिय. जातिबंधनांनीं जखडलेल्या समाजास तो मुक्तीचा मार्ग वाटावा यांत नवल नाहीं. परंतु हें तत्त्व पुस्तकांतून उतरून तापीच्या काठीं गेलें तेव्हां तेथें काय घडलें, तें पाहण्याजोगें आहे. आजच्या नंदुरबार जिल्ह्यांत भिल्लांच्या हातची जमीन गेली ती पुष्कळशी तलवारीनें गेली नाहीं; खतांनीं गेली, आणि त्यांतलीं पुष्कळ खतें कायद्याच्या नजरेनें निर्दोष होतीं. निर्दोष कागदानें झालेला अन्याय कायद्यानेंच कसा दूर करावा, या प्रश्नाशीं आपलीं कायदेमंडळें व न्यायालयें शंभर वर्षें झगडत होतीं. त्या झगड्याची हकीकत येथें सांगावयाची आहे.

नंदुरबार हा जिल्हा म्हणून अगदीं अलीकडचा. १ जुलै १९९८ रोजीं तो धुळें जिल्ह्यापासून वेगळा झाला. त्यापूर्वीं तो पश्चिम खानदेशाचा, आणि १९०६ पर्यंत अखंड खानदेशाचा भाग होता. उत्तरेस सातपुडा, त्याच्या माथ्यावर अक्राणीचें पठार, पायथ्याशीं तळोदें व शहादें, आणि तेथून तापीपर्यंत पसरलेली काळीभोर जमीन. १८१८ सालीं खानदेश कंपनी सरकारच्या ताब्यांत आला, तेव्हां लढाया, पेंढारी आणि दुष्काळ यांनीं मुलूख ओसाड झाला होता. भिल्ल डोंगर धरून बसले होते. त्यांना वठणीवर आणण्याचे दोन उपाय सरकारनें योजले. पहिला बंदुकीचा, १८२५ सालीं आउट्रम साहेबानें भिल्लांचीच पलटण उभी केली, ती प्रसिद्ध आहे. दुसरा उपाय तितका प्रसिद्ध नाहीं, पण त्याचे परिणाम अधिक दूरवर पोंचले. भिल्लास तगाई द्यावी, बैल द्यावे आणि जमिनीवर बसवावें, म्हणजे तो शेतकरी होईल, ही ती योजना. त्याच शतकांत गुजर आदिकरून कसलेले शेतकरी त्या काळ्या जमिनींत घाम गाळीत होते. त्यांच्या मेहनतीविषयीं व कौशल्याविषयीं आमच्या मनांत आदरच आहे, आणि हा लेख त्यांच्यावरील फिर्याद म्हणून कोणी वाचूं नये.

भिल्लास जमीन मिळाली. परंतु ती कोणत्या प्रकारची मालमत्ता म्हणून मिळाली? येथें पाहणीखात्याचा संबंध येतो. विंगेट व गोल्डस्मिड यांच्या पद्धतीनें मुंबई इलाख्यांत शेताशेताची मोजणी झाली, प्रतवारी लागली, तीस वर्षांचा सारा ठरला. १८६५ च्या कायद्यानें, आणि पुढें १८७९ च्या जमीन महसूल कायद्याच्या ७३ व्या कलमानें, सारा भरणाऱ्या खातेदाराचा हक्क वंशपरंपरेचा व हस्तांतरणीय ठरला. हस्तांतरणीय हा शब्द महत्त्वाचा. ज्या जमिनीला कालपर्यंत कोणी गिऱ्हाईक नव्हतें, ती आज विकतां येऊं लागली, गहाण टाकतां येऊं लागली आणि अर्थातच दिवाणी हुकूमनाम्याखालीं लिलांवांतही निघूं लागली. रयतेस पत लाभावी हा सरकारचा हेतु होता, आणि पत लाभलीही. पण पत लाभणें याचाच दुसरा अर्थ कर्ज काढतां येणें असा आहे.

१८५९ सालीं मुदतीचा कायदा आला. कर्जाच्या दाव्यास तीन वर्षांची मुदत घातली, ती ऋणकोच्या सोयीसाठीं. प्रत्यक्षांत असें झालें कीं, दर तीन वर्षांनीं सावकार नवें खत लिहून घेऊं लागला, मागील व्याज मुद्दलांत पडूं लागलें आणि कर्ज फुगत गेलें. लिहितां-वाचतां येणाऱ्या कुणब्याची ही अवस्था. मग ज्यानें जन्मांत कागद हातीं धरला नव्हता त्याची काय सांगावी? आषाढांत घरांतलें धान्य संपावें, सावकाराकडून खावटी काढावी, सुगीला ती दिढीनें परत करावी, न जमल्यास शेत गहाण लिहून द्यावें, मग मुदतखरेदी, मग कायम खरेदी, आणि शेवटीं त्याच शेतांत सालदार म्हणून राहावें, अशी ती पायऱ्यांची उतरण होती. यांतील प्रत्येक पायरीवर एक अंगठा आहे, दोन साक्षीदार आहेत, दुय्यम निबंधकाचा शिक्का आहे. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें तर असेंही सांगितलें कीं, लेख झाला असेल तर त्यांतील अटींविरुद्ध तोंडी पुरावा घ्यावयाचा नाहीं. ज्याच्याजवळ तोंडाखेरीज दुसरें कांहींच साधन नाहीं, त्याच्या तोंडास न्यायमंदिरांत अशी कुलूपबंदी झाली.

ही व्याधि एकट्या भिल्लांची नव्हती. मे १८७५ मध्यें पुणें जिल्ह्यांत सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचीं दुकानें लुटलीं. त्या वेळीं त्यांचा मुख्य रोख खतांवर होता. हातीं सांपडतील तेवढे कागद त्यांनीं जाळले. त्या दंग्यांच्या चौकशींतून १८७९ चा दक्षिणी शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा निघाला. न्यायाधीशानें खतावर न थांबतां मूळ देवघेवीपर्यंत जावें, हिशेब पहिल्यापासून करावा, हें त्यांत होतें. आणि वरून खरेदी दिसणारें खत वास्तविक गहाणाचें आहे असें तोंडी पुराव्यानें दाखवण्याची मुभा पुढील दुरुस्तीनें मिळाली. करार-स्वातंत्र्याच्या तत्त्वास पडलेलें हें पहिलें मोठें भगदाड. आरंभीं हा कायदा पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. खानदेश त्यांत नव्हता. दंगा करील त्यास आधीं न्याय, हा सरकारी दप्तराचा नियम त्या काळींही होता म्हणावयाचा.

यानंतरचें प्रकरण सुशिक्षित महाराष्ट्राच्या विशेष स्मरणांत आहे, पण एकाच अंगानें. १८९६ पासून दुष्काळावर दुष्काळ पडून साऱ्याची बाकी तुंबली होती. बाकीसाठीं सरकारजमा झालेली जमीन पुन्हां देतांना ती विकण्याचा अधिकार न देतां द्यावी, अशा अर्थाचें बिल १९०१ सालीं मुंबई सरकारनें आणलें. ऑगस्ट महिन्यांत पुण्यास कायदेमंडळाच्या बैठकींत सर फिरोजशहा मेथा यांनीं तें लांबणीवर टाकण्याची सूचना मांडली. ती फेटाळली गेली. तेव्हां मेथा, भालचंद्र कृष्ण, दाजी आबाजी खरे, गोकुळदास पारेख आणि गोपाळ कृष्ण गोखले हे सभागृह सोडून बाहेर पडले. आपल्या सनदशीर राजकारणांतील हा पहिल्या प्रतीचा प्रसंग, आणि त्याचें कौतुक आजवर पुष्कळ झालें आहे.

गोखल्यांचा युक्तिवाद मात्र कौतुकाखालीं झांकला गेला. त्यांचें म्हणणें असें कीं, विक्रीचा अधिकार काढून घेतल्यानें रयत कर्जमुक्त होत नाहीं, तिची पत तेवढी जाते, आणि पिढीजाद खातेदार सरकारचा भाडेकरी बनतो. सरकारला खरीच कळकळ असेल तर त्यानें स्वतःचा पैसा घालून गहाण जमिनी सोडवाव्या, शेतकी पेढ्या काढाव्या, आणि मग विक्रीवर बंधन घालावें. तसें झाल्यास गोष्ट निराळी. आमच्या मतें यांतील दुसरा भाग पूर्णपणें खरा होता व आजही खरा आहे. पहिला भाग ज्या पुणें-सातारच्या रयतेस डोळ्यांपुढें ठेवून केला होता तिच्यापुरता वादग्रस्त, आणि सातपुड्याच्या पायथ्याशीं सर्वस्वीं गैरलागू. कारण पत म्हणजे अधिक सावकारांपैकीं एकाची निवड करतां येणें. ज्या गांवांत सावकार एक, दुकानदार तोच, शेजारचा मोठा शेतकरी तोच आणि खत लिहिणारा त्याच्याच पदरचा, तेथें विक्रीच्या अधिकारानें पत वाढत नाहीं. विकत घेणाराची सोय तेवढी होते.

गंमत अशी कीं, ज्या कायद्यावरून हा सभात्याग झाला त्याच कायद्यानें महसूल कायद्यांत ७३-अ हें एक नवें कलम बसवलें होतें. ज्या मुलुखांत अद्याप मूळ पाहणी झालेली नाहीं तेथें सरकारनें आधीं जाहीरनामा काढल्यास, कलेक्टरच्या परवानगीवांचून जमीन हस्तांतरित करतां येणार नाहीं, असें तें कलम. तें उघडच मागास डोंगरी मुलुखांसाठीं होतें. पण त्याची शब्दरचना पाहावी. पाहणीपूर्वीं जाहीरनामा हवा. तापीकाठच्या मैदानी गांवांत तर पाहणी एकोणिसाव्या शतकांतच उरकलेली. म्हणजे जेथें चार पायली नागली पिकते त्या डोंगरउताराला कुंपण घालतां येणार, आणि जिच्यावर सर्वांचा डोळा ती काळी जमीन कुंपणाबाहेर राहणार! शिवाय १९०० च्या सुमारास सुरत-भुसावळ रेल्वे नंदुरबारावरून धांवूं लागली; कापूस थेट बंदराकडे जाऊं लागला, आणि जमिनीची किंमत चढली.

अमेरिकेंतही याच सुमारास याच विचारसरणीनें असाच एक प्रयोग झाला. १८८७ च्या डॉज कायद्यानें तेथील मूळ रहिवाशांच्या सामाईक जमिनींची माणशीं वांटणी केली, जादा ठरलेली जमीन सरकारनें बाहेरच्यांस खुली केली, आणि ठराविक मुदतीनंतर वांट्याची जमीन विकण्याचें स्वातंत्र्यही दिलें. हेतु उदात्त होता. प्रत्येकानें स्वतंत्र मालक होऊन सुधारावें. १८८७ सालीं त्यांच्याकडे सुमारें १३ कोटि ८० लाख एकर जमीन होती. १९३४ सालीं तो कायदा मोडीत काढला तेव्हां ती ४ कोटि ८० लाख एकरांवर आली होती.

इकडे १९३९ सालीं सिमिंग्टन या सिव्हिलियन गृहस्थाचा आदिवासी मुलुखांविषयींचा अहवाल मुंबई सरकारपुढें आला, आणि पश्चिम खानदेशांतील जमीन, सावकारी व मजुरी यांचें विदारक चित्र दप्तरीं दाखल झालें. मग युद्ध आलें, स्वराज्य आलें. १९४८ सालीं कूळकायदा झाला, आणि पुढील दुरुस्तीनें १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला. त्या दिवशीं कसणारें कूळ मालक झालें. मराठी मुलुखांत या कायद्यानें जें केलें त्यास तोड नाहीं. कोंकणांतल्या कुळास विचारावें. पण कूळ म्हणजे दरिद्री आणि जमीनमालक म्हणजे श्रीमंत, हें समीकरण कायद्यानें सर्वत्र गृहीत धरलें होतें. शहादें-तळोद्याकडे पुष्कळ ठिकाणीं तें उलटें होतें. कर्जांत सांपडलेल्या भिल्लानें आपलें शेत शेजारच्या सधन शेतकऱ्यास खंडानें लावून दिलेलें असे. कागदावर भिल्ल मालक, आणि ट्रॅक्टर बाळगणारा शेतकरी त्याचें कूळ! कायदा आंधळा असतो म्हणतात. त्यानें त्या कुळासही मालक केलें. गरिबांच्या कल्याणासाठीं झालेल्या कायद्यानें गरिबाची जमीन जावी, असा हा विपर्यास, आणि त्यांत बेकायदेशीर कांहींच नव्हतें.

हा सगळा ढीग १९७१-७२ सालीं कोसळला. मार्च १९७१ मध्यें राज्य सरकारनें आदिवासींच्या जमिनींविषयीं एक समिति नेमली. पुढें दोन महिन्यांच्या आंत शहादें तालुक्यांत पाटीलवाडी येथें धान्यावरून गोळीबाराचा प्रकार घडला आणि त्या मुलुखाचें नांव मुंबई-पुण्याच्या वर्तमानपत्रांत झळकलें. अंबरसिंग महाराज हे भिल्लांतलेच कार्यकर्ते. भजनाच्या वाटेनें लोकांत शिरलेले, स्वाभिमानी, बोलके. त्यांच्याभोंवतीं लोक जमत होतेच. सर्वोदयाची मंडळी होती, शहरांतून गेलेले शिकलेले तरुण होते. ३० जानेवारी १९७२ रोजीं शहाद्यास भूमिमुक्ति मेळावा भरला, आणि त्याच वर्षीं श्रमिक संघटना उभी राहिली. या मंडळींनीं केलेलें एक काम आम्हांस मोर्चांहून मोलाचें वाटतें. त्यांनीं कोणाची कोणती जमीन केव्हां, कोणत्या खतानें, कोणाकडे गेली, हें गांवोगांव विचारून लिहून काढण्यास आरंभ केला. ज्या लेखणीनें जमीन गेली तीच लेखणी प्रथमच दुसऱ्या बाजूनें चालूं लागली. अंबरसिंग महाराज १९७४ सालीं अकालीं वारले.

समितीचा अहवाल एप्रिल १९७२ मध्यें आला होता, आणि त्यावरून दोन कायदे झाले. पहिल्यानें ६ जुलै १९७४ पासून महसूल संहितेंत ३६-अ हें कलम घातलें. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे जावयाची तर पांच वर्षांपर्यंतच्या गहाणास वा भाडेपट्ट्यास कलेक्टरची परवानगी हवी. इतर सर्व व्यवहारांस कलेक्टरनें राज्य सरकारची पूर्वसंमति घेतलेली हवी. दुसरा कायदा अधिक धाडसी, आणि आमच्या मतें महाराष्ट्राच्या कायदेमंडळाच्या मोठ्या कृत्यांत गणना व्हावी असा. आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा हा कायदा १९७४ चा म्हणून ओळखला जातो. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळांत जी जमीन आदिवासीकडून बिगर-आदिवासीकडे गेली, ती खरेदीनें गेली असो, गहाणानें, बक्षिसानें वा कोर्टाच्या हुकूमनाम्यानें, ती कलेक्टरनें परत द्यावी. कूळकायद्यानें गेलेली जमीनही चौथ्या कलमानें परत. व्यवहार कायदेशीर होता, हा बचाव येथें चालत नाहीं. किंबहुना कायदेशीर व्यवहारांसाठींच हा कायदा आहे.

घेणाराचा पैसा अगदींच बुडवला असें नव्हे. जमिनीच्या आकाराच्या ४८ पट रक्कम, अधिक विहीर-बांधबंदिस्ती अशा सुधारणांची किंमत, मूळ मालकानें द्यावयाची. तीही जास्तींत जास्त बारा वार्षिक हप्त्यांनीं, साडेचार टक्के व्याजानें. समजा, शेताचा आकार दहा रुपये. तर सुधारणा वगळून ४८० रुपये. बाजारभावाशीं याचा कांहींएक संबंध नाहीं, हें उघड आहे, आणि तसा तो नसावा असाच कायद्याचा हेतु होता. पुढें या कायद्यांत ९-अ कलम आलें: या कामांत कोणत्याही पक्षातर्फे वकिलास उभें राहतां येणार नाहीं. आमचे वकील मित्र यावर अजूनही रागावतात. पण एका बाजूस जिल्ह्यांतला नामांकित वकील आणि दुसऱ्या बाजूस पावरीखेरीज दुसरी भाषा न येणारा फिर्यादी, असा सामना ज्यानें एकदां मनांत आणला, त्यास या कलमाचें मर्म सांगावें लागणार नाहीं.

घेणाऱ्यांनीं हा कायदा न्यायालयांत आव्हानास घेतला, आणि प्रकरण दिल्लीस गेलें. लिंगप्पा पोचन्ना अप्पेलवार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्याचा निकाल डिसेंबर १९८४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें दिला. न्यायमूर्ति ए. पी. सेन यांनीं तिसरें, चौथें आणि ९-अ हीं तिन्ही कलमें वैध ठरवलीं. असमान माणसांमधील व्यवहारांतून जो अन्याय उपजतो त्याचें निवारण करणें हा वांटपाच्या न्यायाचा भाग होय, आणि त्यासाठीं पुरे झालेले सौदेही कायदेमंडळास मोडतां येतात, असा त्या निकालाचा आशय आहे. दोन पक्ष केवळ सज्ञान असणें पुरेसें नाहीं, ते कांहींसे तुल्यबळही हवेत, हें येथें देशाच्या श्रेष्ठ न्यायपीठानें मान्य केलें. १९०१ च्या वादांत कलेक्टराच्या हातीं अधिकार देण्याचें भय होतें आणि तें परकी सरकारच्या संदर्भांत रास्त होतें. १९८४ सालीं तोच कलेक्टर आपल्या निवडलेल्या कायदेमंडळाच्या हुकमाखालीं होता, हा फरक लहान नव्हे.

तथापि या कायद्याची स्तुति करतांना त्याच्या मर्यादा झांकणें अप्रामाणिकपणाचें होईल. १९५७ पूर्वींचें काय? खऱ्या उतरणीचीं नव्वद वर्षें त्या रेषेपलीकडे राहिलीं, आणि त्यांना कोणी हात लावला नाहीं. परत मिळालेल्या शेतास बैल, बीं व खावटी कोठून आणावयाची, हा गोखल्यांचा जुना प्रश्न पुन्हां उभा राहिला. आणि पेढी नसेल तेथें सावकार परत येतो, मग सातबारावर नांव कोणाचेंही असो. ज्यास उघड खरेदी करतां येत नाहीं तो कुलमुखत्यारपत्र घेतो, किंवा दुसऱ्या आदिवासीच्या नांवें जमीन घेऊन स्वतः कसतो. आणखी एक उणीव अशी कीं, ३६-अ चें कुंपण शेजाऱ्याविरुद्ध आहे, सरकारविरुद्ध नाहीं. सरदार सरोवरासाठीं याच जिल्ह्यांतील अक्राणी व अक्कलकुवें तालुक्यांचीं ३३ गांवें बाधित झालीं, तेथें खतही लागलें नाहीं, अंगठाही लागला नाहीं. १८९४ चा भूसंपादन कायदा पुरला. १९७९ च्या नर्मदा लवादानें जमिनीच्या बदल्यांत जमीन देण्याचें ठरवलें होतें, पण ज्यांची जमीन जंगलखात्याच्या दप्तरीं अतिक्रमण म्हणून नोंदली होती त्यांना आधीं आपण मालक आहोंत हेंच सिद्ध करावें लागलें. करार-स्वातंत्र्याचे कैवारी या सक्तीच्या खरेदीविषयीं फारसे बोलत नाहींत, हें आम्ही पाहत आलों आहों.

१९९६ च्या पंचायत विस्तार कायद्यानें अनुसूचित क्षेत्रांत जमीन जाण्यास आळा घालण्याचा व गेलेली परत मिळवून देण्याचा अधिकार ग्रामसभेस देऊं केला. कलेक्टराच्या कचेरींतून निर्णय गांवाच्या चावडीवर यावा, ही दिशा आम्हांस योग्य वाटते. चावडीवर कोण किती मोकळेपणीं बोलतो, त्यावर पुढचें अवलंबून.

अलीकडे आदिवासींच्या जमिनी उद्योगधंद्यांस दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यानें देण्यास मोकळीक असावी, अशी सूचना पुन्हां पुढें येत आहे. मालकी जाणार नाहीं, भाडें नियमित मिळेल, पडीक जमिनीचा उपयोग होईल, असें तिचे पुरस्कर्ते म्हणतात, आणि त्यांतील सर्वजण लबाड आहेत असें म्हणण्यास आम्ही धजणार नाहीं. पण भाडेपट्टा हा शब्द शहादें-तळोद्यास नवा नाहीं. १९५७ पूर्वीं तेथील पुष्कळ शेतें खंडानेंच दिलेलीं होतीं, मालकी भिल्लाचीच होती, आणि १ एप्रिलच्या सकाळीं ती त्याची राहिली नव्हती. नवा पट्टा लिहितांना मुदत किती, ती संपल्यावर ताबा कोण देववणार, भाडें थकल्यास दाद कोठें, आणि पट्टेदारानें शेतांत उभारलेल्या इमारतीची किंमत शेवटीं कोणाच्या माथीं, हीं कलमें ज्या भाषेंत लिहिलीं जातील ती भाषा सही करणाऱ्यास वाचतां येते काय, एवढें तरी विधानसभेनें आधीं विचारावें.